चार अक्षरे आणि धर्मकाट्याची पावती

बँकेच्या कारकून भरतीचा अभ्यास करणाऱ्या आपल्या पोरापोरींना एक प्रश्न हमखास भेटतो. ए, ई, आर, टी ही चार इंग्रजी अक्षरे दिलेली असतात. प्रत्येक अक्षर एकदाच वापरून किती अर्थपूर्ण इंग्रजी शब्द तयार होतात? एक, दोन, तीन की तीनपेक्षा जास्त? उत्तर चुकले तर पाव गुण कापला जातो. विशेष म्हणजे हा प्रश्न इंग्रजीच्या विभागात नसतो. तो असतो 'रिझनिंग'मध्ये, म्हणजे बुद्धिमापनात!

ही बुद्धीची परीक्षा आहे काय? आमचे स्पष्ट म्हणणे आहे, नाही. चार अक्षरांच्या चोवीस मांडण्या होतात. त्या एकही न विसरता मांडणे हे बुद्धीचे काम, आणि ते आपली पोरे करतात. परंतु त्या चोवीसपैकी शब्द कोणते, हे ओळखायला तो शब्द आधी कधीतरी डोळ्यांखालून गेलेला असावा लागतो. ज्याच्या घरी सकाळी इंग्रजी पेपर येतो त्याला 'रेट' आणि 'टिअर' आपसूक दिसतात. झरी जामणीच्या कोलाम पोडावरचे पोर घरी कोलामी बोलते, शाळेत मराठी शिकते, इंग्रजी त्याची तिसरी भाषा. पुसदकडच्या तांड्यावरच्या मुलीचेही तेच, घरी गोरबोली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली, हे खरे. पण पुस्तकात इंग्रजी येणे आणि घरात इंग्रजी असणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. या अंतराला 'बुद्धिमत्ता' असे नाव देऊन गुण वाटायचे, ही प्रस्थापितांची जुनी खोड आहे.

आता गंमत पाहा. याच चार अक्षरांचा तिसरा शब्द आहे 'टेअर'. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे जे वजन वजा करतात ते टेअर. वणी, पांढरकवडा, घाटंजी, कुठल्याही कापूस बाजारात जा. धर्मकाट्याच्या पावतीवर ग्रॉस, टेअर, नेट असे तीन शब्द छापलेले असतात. कॉन्व्हेंटमधल्या मुलाला हा शब्द ठाऊक असेलच असे नाही. हमालाच्या घरी मात्र तो पावतीवर बसून रोज येतो. फक्त ती पावती वाचायची असते हे त्या घरात कोणी सांगितलेले नसते. टेअर माहीत असलेला तीनवर खूण करतो, नसलेला दोनवर. एका गुणाने यादीतून नाव जाते, हे भरतीला बसलेल्यांना आम्ही सांगायला नको.

म्हणून आम्ही आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी हा अक्षरांचा खेळ सुरू केला. अडचण कुठे येते ते दोनच आठवड्यांत दिसले. आपली मुले बाराखडीवर वाढलेली. 'रेट' म्हटले की त्यांना रे आणि ट अशी दोन अक्षरे दिसतात, इंग्रजीत ती चार आहेत आणि शेवटचा ई तर बोलतच नाही. हा मुका ई एकदा पकडला की अर्धी लढाई जिंकली. अक्षरांत ई दिसला की तो आधी शेवटी ठेवून पाहायचा. इंग्रजी शब्द व्हीवर सहसा संपत नाही, त्यामुळे व्ही आला की त्याच्यामागे ई लागतोच. एल, आय, व्ही, ई घ्या: लिव्ह, व्हाइल. मग ई मधे सरकवा: व्हेल, म्हणजे बुरखा. ई पुढे आणा: इव्हिल. एस असेल तर तो शेवटी लावून अनेकवचन बघायचे. एसटी, सीएच, टीएच या जोड्या सुट्या करायच्या नाहीत. क्यू आला की यू शोधायचा. एवढ्या खुणांवर सातवीची मुलगी बी.ए.च्या मुलाला हरवते, हे आम्ही पाहिले आहे.

या खेळाचा मोठा भाऊ स्क्रॅबल. तो रचला अल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने, १९३० च्या दशकातल्या महामंदीत, हाताला काम नसताना. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून काढले. म्हणून शंभर सोंगट्यांत ई बारा, ए आणि आय प्रत्येकी नऊ, आणि क्यू, झेड एकेकच, पण त्यांना गुण दहा-दहा. विकतचा संच घ्यायची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिका कापा, स्केचपेनने अक्षरे लिहा, झाले. जयंतीला डीजेवर हजारो रुपये उधळणाऱ्या मंडळांच्या विहारात एक धड इंग्रजी-मराठी शब्दकोश नसावा, हे मात्र आम्हाला बोचते. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा शब्दकोश रचला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापला. कामाच्या त्या डोंगराखाली ते एकेक शब्द जमवत होते. तो खंड किती विहारांत उघडला जातो?

खेळ आम्ही खेळूच, पण मागणी सोडणार नाही. कारकून भरतीच्या पूर्व परीक्षेत १०० पैकी ३० गुण इंग्रजीला वेगळे आहेतच. मग रिझनिंगच्या ३५ गुणांत इंग्रजी दुसऱ्यांदा कशाला मोजता? तर्कच तपासायचा तर आकडे आहेत, आकृत्या आहेत. २०२१ साली केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांची कारकून भरती तेरा प्रादेशिक भाषांतूनही घ्यावी अशी शिफारस केली, ती लढून मिळालेली वाट आहे. तिच्यावर पुन्हा असा छुपा नाका नको. आपल्या संघटनांनी निवेदनात हा मुद्दा नेमका लिहावा, मोघम 'अन्याय' लिहून भागत नाही.

सध्या विहाराच्या फळ्यावर ओ, पी, एस, टी ही अक्षरे आहेत. स्टॉप, पोस्ट, स्पॉट, टॉप्स, पॉट्स असे पाच शब्द पोरांनी काढले. सहावा फळ्यावर यायचा आहे.