कुटुंबातील नेतृत्व व सहकार्य : एका चित्रपटाच्या आधारे

नेतृत्वाचा विचार आपण बहुधा राज्यकारभार, सैन्य किंवा उद्योग यांच्या संदर्भात करतो. कुटुंब हाही एक लहान गटच होय. परंतु तेथील कर्तेपण वयाने व नात्याने आधीच ठरलेले असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. टॅल्कट पार्सन्स आणि रॉबर्ट बेल्स यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीला शास्त्रीय रूप दिले. त्यांच्या मते कुटुंबात दोन प्रकारची नेतृत्वे असतात. बाह्य जगाशी व्यवहार करून उद्दिष्ट गाठणारे ते साधनात्मक नेतृत्व, आणि माणसांची मने सांभाळून गट एकत्र राखणारे ते भावनात्मक नेतृत्व. पहिले पित्याकडे व दुसरे मातेकडे जाते, असा त्यांचा सिद्धांत. पुढील काळात, विशेषतः स्त्रीवादी अभ्यासकांनी, या वाटणीवर कठोर टीका केली. ती कोठे टिकते आणि कोठे ढासळते, हे पाहण्यास ‘लिट्ल मिस सनशाइन’ हा २००६ सालचा अमेरिकन चित्रपट फार उपयोगी पडतो. जोनाथन डेटन व व्हॅलरी फॅरिस यांनी तो दिग्दर्शित केला असून पटकथा मायकेल आर्न्ट यांची आहे.

अल्बुकर्की येथील हूवर कुटुंबातील लहानग्या ऑलिव्हला कॅलिफोर्नियातील बालसौंदर्यस्पर्धेत भाग घ्यावयाचा आहे. विमानप्रवासाला पैसे नाहीत. जुनी पिवळी गाडी पित्यालाच नीट चालविता येते. मातेचा भाऊ फ्रँक याने नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केलेला असल्यामुळे त्याला एकटे ठेवता येत नाही. नृत्य शिकविले ते आजोबांनी. मौनव्रत धरलेला भाऊ ड्वेन नाखुशीनेच निघतो. थोडक्यात, हा संघ कोणी निवडलेला नाही. तो परिस्थितीने एकत्र आणलेला आहे. बहुतेक कुटुंबांचे असेच असते.

पिता रिचर्ड हा यशाच्या नऊ पायऱ्यांचा उपदेशक आहे. त्याच्या लेखी जगात माणसे दोनच प्रकारची : जिंकणारी व हरणारी. या विचाराने एखादी व्यक्ती कदाचित इरेला पेटेल, पण त्यावर संघ उभा राहू शकत नाही. कारण हरणाऱ्याला त्यात स्थानच नसते. आपण हरणाऱ्यांत मोडलो तर वडिलांना नावडते होऊ, ही भीती ऑलिव्हच्या मनात घर करते. साधनात्मक नेतृत्व मनांची उपेक्षा करू लागले म्हणजे काय घडते, त्याचे हे उदाहरण होय.

प्रवासात गाडीचा क्लच निकामी होतो. आता सर्वांनी गाडी ढकलावी, तिने वेग घेतला की एकेकाने धावत जाऊन आत चढावे, हाच एक मार्ग उरतो. येथे चक्र हाती असणारा पुढे बसलेला असला, तरी मागच्यांच्या बळावाचून तो जागचा हलू शकत नाही. मात्र एकत्र श्रम केल्याने परस्परांकडे लक्ष राहतेच असे नाही. एका पेट्रोलपंपावर ऑलिव्ह मागे राहते आणि ते काही काळ कोणाच्याच ध्यानात येत नाही. जिच्यासाठी प्रवास, तीच विसरली जाते.

आजोबांच्या मृत्यूनंतर इस्पितळात पिता धाडसी निर्णय घेतो व इतर तो तडीस नेतात. त्याचे कर्तेपण सर्वस्वी पोकळ नाही, हे तेथे दिसते. परंतु आपण रंगांध आहोत आणि वैमानिक होऊ शकणार नाही, हे कळून ड्वेन कोसळतो, तेव्हा आईचे शब्दही निष्फळ ठरतात. ऑलिव्ह उतारावरून खाली जाते, त्याच्याजवळ बसते आणि काही न बोलता त्याच्या खांद्यावर डोके टेकते. तो उठतो. भावनात्मक नेतृत्व त्या क्षणी घरातील सर्वांत लहान व्यक्तीकडे गेलेले असते.

स्पर्धेच्या वेळी पिता व भाऊ तिला हसे होण्यापासून वाचवू पाहतात; निर्णय ऑलिव्हचाच असला पाहिजे, असे आई ठामपणे सांगते. आजोबांनी शिकविलेला नाच पाहून संयोजिका संतापते व तिला थांबविण्यास पित्याला फर्मावते. रंगमंचावर गेलेला रिचर्ड तिला थांबवीत नाही. तो स्वतःच नाचू लागतो, आणि मागोमाग इतरही येतात. स्पर्धा हरते, पण कुटुंब तिच्या पाठीशी उभे राहते. पित्याने येथे नेतृत्व सोडले असे म्हणता येणार नाही. मुलीच्या मागे जाणे हेच त्याने केलेले खरे नेतृत्व होय.

यावरून असे म्हणता येईल की, पार्सन्स व बेल्स यांनी दाखविलेली दोन कार्ये कुटुंबाला आवश्यकच आहेत. परंतु ती विशिष्ट नात्याला कायमची बांधलेली नाहीत. ज्या घरात प्रसंगानुसार ती हातोहात फिरू शकतात, ते घर संकटात तरून जाते. अखेरीस गाडी दुरुस्त झालेली नसते. परतीच्या वाटेवरही ती सर्वांना मिळून ढकलावीच लागते.