सोडतीतून भरणारी सरकारी शाळा

सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक अर्ज भरतात आणि नाव लागेल की नाही, याची वाट पाहतात. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या महात्मा गांधी राजकीय विद्यालयाने हे घडवून आणले. गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने 2019 मध्ये राजस्थान सरकारने तेव्हाच्या 33 जिल्ह्यांत प्रत्येकी एक इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू केली. ही त्यांतली जयपूरची. आरंभी पहिली ते आठवीचे वर्ग होते, पुढे दरवर्षी एकेक वरची इयत्ता जोडायची असे ठरले. पहिली ते पाचवीच्या तुकडीत 30 मुले, सहावी ते आठवीत 35. अर्ज जास्त आले की सोडत.

खासगी शाळेची फी न परवडणाऱ्या घरांना इंग्रजी हवी होती, ती फुकट मिळाली. शिवाय शिक्षक मुलाखती घेऊन निवडले होते आणि वर्गात गर्दी नव्हती. पट वाढला तो केवळ माध्यम बदलल्याने नव्हे. या दोन गोष्टींचाही त्यात मोठा वाटा होता.

मागणी पाहून सरकारने घाई केली. काही वर्षांतच अशा शाळांची संख्या तीन हजारांवर गेली. बहुतेक ठिकाणी नवी इमारत उभी राहिली नाही, चालू हिंदी शाळेचेच माध्यम बदलले. जिथे गावात तेवढी एकच शाळा, तिथे हिंदीतून शिकणाऱ्या मुलांना दूरची वाट धरावी लागली. निवडलेले शिक्षकही हिंदी शाळांतूनच आलेले. म्हणजे एकीकडची भर ही दुसरीकडची तूट. जानेवारी 2025 मध्ये नव्या सरकारने या शाळांच्या फेरविचारासाठी मंत्र्यांची समिती नेमली.

घरी ढुंढाडी बोली, गल्लीत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांतून सहा वर्षांचे मूल वाट काढते. त्याला वाचलेले समजते का, हे पटावरच्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी रोज त्याच्याजवळ बसणारा, त्याची बोली जाणणारा शिक्षक लागतो.

महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या भवितव्यावरून वाद चालू असताना जयपूरचा हा अनुभव मोलाचा आहे. पालकांनी सरकारी शाळेकडे कायमची पाठ फिरवलेली नाही. चांगली शाळा दिसली की ते परत येतात. मात्र चांगली शाळा सोडतीत मिळणारे बक्षीस राहता कामा नये. लहान तुकडी आणि पुरेसे शिक्षक हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, मग शाळेचे माध्यम कोणतेही असो.