नकाशाखाली सही कोणाची?

माझी मुलगी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. लग्नकार्यात मी हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे बागा करते का?" मी हो म्हणून टाकतो. उभ्या उभ्या समजावून सांगायला वेळ कुणाला असतो? पण आज आकाशवाणीनं पंधरा मिनिटं दिली आहेत, तेव्हा सांगतो. बाग हा त्या कामाचा शेवटचा, डोळ्यांना दिसणारा भाग. त्याआधी जमिनीचा उतार पाहायचा, पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं मुरतं ते पाहायचं. माणसं कुठून चालत येतील, कुठं टेकतील, दुपारी चारला सावली कुठं पडेल, याचा अंदाज बांधायचा. कधी एखाद्या शाळेचं आवार असतं, कधी अख्ख्या वसाहतीचा आराखडा.

पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत तिनं चार जणांवर कचेरी सुरू केली. आता एकोणीस माणसं आहेत. मागच्या ईदला घरी आली. शीरखुर्मा झाला, पाहुणे पांगले, तेव्हा हळूच म्हणाली, "अब्बा, दोन वर्षं झाली, मी स्वतः एकही नकाशा काढलेला नाही. सकाळपासून फोन, बिलं, कंत्राटदार, कुणाची रजा, कुणाचं रुसणं. नकाशे मुलं काढतात, मी सही करते. परवा आमच्याच एका साइटवर गेले, तर ती जागा मला ओळखीची वाटेना. आणि आता एक मोठं काम आलंय. घेतलं तर आणखी दहा माणसं लागतील. घेऊ की नको?"

मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो, आणि पोटासाठी एका नगरपालिकेच्या उद्यान खात्यात कारकुनी केली. कवी म्हणून मला तिचा प्रश्न परका होता. कविता जास्त झाल्या म्हणून कुणी दहा माणसं नोकरीला ठेवत नाही. कारकून म्हणून मात्र मला एक जुनी गोष्ट आठवली.

आमच्या खात्यानं एकदा ओढ्याकाठी बाग केली होती. ज्यानं आखली तो माणूस जाणता होता. बागेतून त्यानं हिरवळीचा एक उथळ चर नेला होता, वर्षातले आठ महिने कोरडा. पुढं तो निवृत्त झाला. नंतरच्या साहेबांना तो चर म्हणजे बुजवायचा राहून गेलेला खड्डा वाटला. भर टाकली, वर फरशी बसवली. त्याचं बिल मीच पुढं पाठवलं. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीत गुडघाभर पाणी! मग मूळ नकाशा शोधायचं काम माझ्याकडं आलं. चार कपाटं उपसली, सापडला नाही. आणि सापडला असता, तरी चर का काढला ते त्यावर लिहिलेलं होतं की नाही, देव जाणे.

मुलीला उत्तर देण्याआधी मी तिच्याच कपाटातली पुस्तकं चाळली. तिथं या धंद्याचा मूळपुरुष भेटला. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. जन्म १८२२, अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा. या विषयाचं शिक्षण काहीही नाही, कारण असा विषयच तेव्हा शिकवत नव्हते. आधी शेती केली, मग वर्तमानपत्रासाठी दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या प्रांतांतून फिरून लेख लिहिले. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या नियोजित सेंट्रल पार्कवर देखरेखीची नोकरी मिळाली. पार्कच्या आराखड्याची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा कॅल्व्हर्ट व्हॉक्स नावाचा इंग्रज वास्तुरचनाकार त्याच्याकडं आला आणि म्हणाला, आपण दोघं मिळून करू. तेहतीस आराखडे आले होते. १८५८ मध्ये या दोघांचा निवडला गेला. शहराची आडवी वाहतूक पार्कच्या पातळीखालून, खोल रस्त्यांनी न्यायची ही कल्पना त्यातलीच. मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

आज नाव कुणाचं घेतलं जातं? ओल्मस्टेडचं. व्हॉक्स मागं पडला. ओल्मस्टेड स्वतः त्याचं श्रेय मान्य करत असे, पण लोकांना एकच नाव लक्षात ठेवायला सोपं जातं. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कचा पहिला कच्चा आराखडा व्हॉक्सचा. त्यानंच पत्रांवर पत्रं लिहून कॅलिफोर्नियात गेलेल्या ओल्मस्टेडला या धंद्यात परत ओढून आणलं. १८७२ मध्ये दोघांची भागीदारी सुटली.

मला खरा रस वाटला तो पुढच्या भागात. १८८३ मध्ये ओल्मस्टेडनं बॉस्टनजवळ ब्रुकलाइनला एक जुनं शेतघर विकत घेतलं. त्याला नाव दिलं फेअरस्टेड. घरातच कचेरी. शिकाऊ मुलं तिथं येत, नकाशे नकलत, साहेबाबरोबर आगगाडीनं कामावर जात. चार्ल्स एलियट हा तिथला असाच एक उमेदवार, तोही बिनपगारी. खिडकीबाहेर हिरवळीवर एक मोठं एल्मचं झाड होतं. झाडाभोवती जागा कशी मोकळी ठेवायची, हे मुलांना डोळ्यांनी शिकता येई.

हे वाचताना मला आमच्या गझलेतला उस्ताद-शागीर्द आठवला. शागीर्द गझल लिहून आणतो, उस्ताद इस्लाह करतो. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. एखादा शब्द हलवतो, एखादी ओळ उडवतो. पण शेवटच्या शेरात नाव येतं ते शागीर्दाचंच. मराठीत सुरेश भटांनी हेच केलं. 'गझलेची बाराखडी' लिहून नवख्यांच्या हाती दिली, कितीतरी जणांच्या गझला तपासल्या. भटांनी तेवढ्या वेळात स्वतःच्या आणखी पन्नास गझला लिहिल्या असत्या, असं म्हणणारे भेटतात. असतीलही. पण मग मराठी गझल त्यांच्याबरोबरच संपली असती.

ओल्मस्टेडच्या फर्मवर हा प्रश्न तीनदा आला, आणि तिन्ही वेळा मृत्यूच्या किंवा आजाराच्या रूपानं आला. सत्तरीत असताना शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाची भूरचना त्याच्याकडं होती. तिथली जबाबदारी हेन्री कॉडमन या तरुण भागीदारावर होती. जानेवारी १८९३ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर कॉडमन गेला. वय अवघं अठ्ठावीस. प्रदर्शन मे महिन्यात उघडायचं होतं. म्हातारा स्वतः शिकागोला धावला. दोन महिन्यांत त्यानं एलियटला भागीदार म्हणून परत बोलावलं. तोवर एलियटनं स्वतःचं नाव आणि स्वतःची कामं कमावली होती. ती घेऊन तो आला, आणि पाटीवर त्याचं नाव चढलं : ओल्मस्टेड, ओल्मस्टेड अँड एलियट. १८९५ मध्ये ओल्मस्टेडला विस्मरण होऊ लागलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या बिल्टमोर या प्रचंड इस्टेटीचं काम चालू असताना, आपल्या स्मरणशक्तीवर आता भरवसा ठेवता येत नाही, हे त्यानं घरी पत्रानं कळवलं. चार मोठ्या शहरांतली कामं डोक्यात बाळगणाऱ्या माणसाला हे लिहिताना काय झालं असेल! त्यानं काम सोडलं. आणि १८९७ मध्ये एलियटही मेंदूज्वरासारख्या आजारानं गेला. वय सदतीस.

फर्म बुडाली नाही. का, ते सांगतो.

मधला जो दुसरा 'ओल्मस्टेड' पाटीवर होता, तो जॉन चार्ल्स. ओल्मस्टेडचा पुतण्या. भाऊ वारल्यावर ओल्मस्टेडनं भावजयीशी लग्न केलं, त्यामुळं सावत्र मुलगाही. अबोल, भिडस्त माणूस. १८८४ पासून भागीदार. या सगळ्या कहाणीत माझा आवडता हाच. प्रत्येक कामाला क्रमांक. त्या क्रमांकाखाली सगळं : नकाशे, पत्रं, फोटो, झाडांच्या याद्या. साइटवर जाऊन आलं की काय पाहिलं, कुणाशी काय बोलणं झालं, काय ठरलं आणि का ठरलं, हे लिहून काढायचं. पत्राची नक्कल ठेवायची. पुढं नकाशांसाठी आग लागणार नाही अशी विटांची वेगळी इमारतच बांधली.

सख्ख्या धाकट्या मुलाला ओल्मस्टेडनं स्वतःचं नाव दिलं होतं. जन्माला आला तेव्हा तो हेन्री होता, लहानपणीच त्याचं नाव बदलून फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड केलं. पोरावर केवढं ओझं! मला हे पटलेलं नाही. पण त्यानं ते पेललं. हार्वर्डमध्ये १९०० साली या विषयाचा अभ्यासक्रम त्यानंच उभा केला, आणि नगररचनेतही मोठं काम केलं. त्याच्या आदल्या वर्षी या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना निघाली होती. तिचा पहिला अध्यक्ष जॉन चार्ल्स. दोघं भाऊ मिळून ओल्मस्टेड ब्रदर्स. १९२० च्या दशकात कचेरीत साठच्या आसपास माणसं होती. नाव बदलत, लहान होत ती फर्म २००० सालापर्यंत टिकली. फेअरस्टेड आज राष्ट्रीय स्मारक आहे, तिथं सव्वा लाखाहून जास्त नकाशे आहेत. जुनी उद्यानं दुरुस्त करणारी माणसं आजही ते पाहायला जातात.

त्यांची कामंही मोडली गेली, हे सांगायला हवं. बॉस्टनच्या फेन्समध्ये घाण पाण्यानं कुजलेली खाडी होती. ओल्मस्टेडनं भरती-ओहोटीचा हिशेब करून तिथं खाऱ्या पाण्यातली दलदल नव्यानं घडवली. वरून पाहणाऱ्याला ते निसर्गाचंच काम वाटावं. १९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं, पाणी गोडं झालं, खाऱ्या पाण्यातली सगळी लागवड गेली. जवळच्या मडी रिव्हरचा एक तुकडा १९५० च्या दशकात पाइपात घालून वर एका दुकानाचा वाहनतळ केला. १९९६ च्या ऑक्टोबरात पूर आला, पाणी भुयारी रेल्वेच्या स्टेशनात शिरलं. २०१० नंतर तो तुकडा खणून नदी पुन्हा उघडी केली. आमच्या ओढ्याकाठच्या बागेचीच गोष्ट. फरक एवढाच, की तिथं नदी कशी वाहत होती हे कागदावर सापडत होतं.

झाडाची गोष्ट आणखी वेगळी. आज लावलेला वड मनासारखा व्हायला चाळीस वर्षं लागतात. तोवर आखणारा असेलच असं नाही. फेअरस्टेडच्या हिरवळीवरचा तो एल्म २०११ मध्ये रोगानं आणि वयानं काढावा लागला. दोन वर्षांनी त्याच जागी दुसरा एल्म लावला. कुठं लावायचा, यावर वाद घालायचं कारणच नव्हतं.

मी मुलीला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अब्बा, जॉन चार्ल्स मला पगारावर मिळेल का?" तिचं म्हणणं बरोबर होतं. लिहून ठेवायला माणूस लागतो, त्याला पैसे लागतात, आणि ते कुठलंच गिऱ्हाईक वेगळे देत नाही. ते मोठं काम तिनं घेतलं. दहाच्या जागी सहा माणसं घेतली. आठवड्यातला शुक्रवार मुलांचे नकाशे घेऊन बसण्यासाठी राखला आहे, त्या दिवशी फोन बंद. सगळ्यात जुन्या सहकाऱ्याचं नाव पाटीवर घ्यावं का, यावर मात्र आमचं एकमत झालेलं नाही. मी घ्यावं म्हणतो. ती अजून वर्षभर थांबू म्हणते.

साइटच्या भेटीचा अहवाल आता तिथं मराठीत लिहितात, म्हणजे मुकादमाला वाचता येतो. भाषा तपासायला कधी कधी माझ्याकडं पाठवतात. परवा एक आला. एका वाक्यात मी क्रियापद हलवलं, बाकी हात लावला नाही. लिहिलं होतं : "करंजाच्या रांगेतलं तिसरं रोप वाळलं आहे. दुसरं त्याच खड्ड्यात लावावं, जागा सरकवू नये. उन्हाळ्यात चारच्या सुमाराला त्याची सावली शाळेसमोरच्या बाकावर पडायची आहे." खाली सही मुलीची नव्हती. गेल्या वर्षी लागलेल्या एका मुलाची होती.