इराणी स्त्रीची चादोर आणि राज्यसत्ता

धर्माशी निगडित पोशाखावरून वाद पेटला की तो पोशाख चांगला की वाईट यावरच सारी चर्चा खर्ची पडते आणि तो ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न बाजूला राहतो. एकाच देशाने एकाच शतकात पडदा काढण्याची आणि पडदा घेण्याची, अशा दोन्ही सक्ती सोसल्या असल्यामुळे इराणच्या इतिहासात हा प्रश्न विशेष ठळकपणे समोर येतो.

इराणचा राजा रझा शाह पहलवी याच्या आधुनिकीकरणाची झळ आधी पुरुषांना लागली. १९३५ मध्ये युरोपीय पद्धतीची काठाची टोपी सक्तीची झाली, तेव्हा मशहद येथील गोहरशाद मशिदीत विरोधासाठी जमलेल्या लोकांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. पुढे जानेवारी १९३६ मध्ये राणी व राजकन्या तेहरानमधील एका समारंभास पडद्याविना उपस्थित राहिल्या आणि ‘कश्फ-ए-हिजाब’, म्हणजे पडदा दूर करण्याचे धोरण, अमलात आले. चादोर, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत अंग झाकणारे आणि पुढून हाताने धरून ठेवायचे सलग वस्त्र, पोलीस भर रस्त्यात ओढून काढू लागले. काही स्त्रियांना या धोरणाने शिक्षणाची व नोकरीची वाट मोकळी वाटली, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्यांना चादोरविना बाहेर जाणे विवस्त्र होण्यासारखे वाटे, त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले, आणि ज्यांच्या घरी न्हाणीघर नव्हते त्यांना हमाम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, गाठणेही अवघड झाले. स्त्रीमुक्तीच्या नावाने काढलेल्या हुकमाने स्त्रियांनाच घरात कोंडावे, यापरते त्या धोरणाचे अपयश कोणते? १९४१ मध्ये रझा शाह पदच्युत झाल्यावर ही सक्ती ओसरली.

पुढे राजेशाही उलथवणाऱ्या १९७८-७९ च्या आंदोलनात एरवी चादोर न वापरणाऱ्या कित्येक सुशिक्षित तरुणींनी राजसत्तेचा निषेध म्हणून ती आपणहून पांघरली. क्रांतीने मात्र त्यांची ही निवडच हिरावून घेतली. मार्च १९७९ मध्ये क्रांतीचे नेते आयातुल्ला खोमेनी यांनी सरकारी कार्यालयांत हिजाब आवश्यक असल्याचे सांगताच, ८ मार्चच्या महिलादिनापासून हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या. सरकारने तेवढ्यापुरते नमते घेतले. तथापि १९८३ मध्ये हिजाबाविना वावरणे हा ७४ फटक्यांच्या शिक्षेस पात्र गुन्हा ठरला.

‘गश्त-ए-इर्शाद’ या नीतिरक्षक पोलीसदलाने पोशाखाच्या कारणावरून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी या २२ वर्षांच्या कुर्द तरुणीचा १६ सप्टेंबर २०२२ रोजी मृत्यू झाला, तेव्हा ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणा देशभर दुमदुमली. त्या आंदोलनाला स्वेच्छेने हिजाब घेणाऱ्या स्त्रियांचाही पाठिंबा होता, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण त्यांचा विरोध वस्त्राला नव्हता, हुकमाला होता. हिजाबविषयक अधिक कठोर शिक्षांच्या नव्या कायद्याची अंमलबजावणी डिसेंबर २०२४ मध्ये थांबवण्यात आली, तेव्हा तेहरानच्या रस्त्यांवर उघड्या केसांनी वावरणाऱ्या अनेक स्त्रिया दिसू लागल्या होत्या.