पैजेचा भाव आणि बारीक अक्षरांतील नियम

शंभर मीटरची शर्यत दहा सेकंदांत संपते. तिच्यावर लागलेल्या पैजांचा हिशेब मात्र इतका सरळ नसतो. धावण्याच्या शर्यतींवर पैज लावण्याची प्रथा जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरातील पाउडरहॉल मैदानावर १८७० साली सुरू झालेली नववर्षाची शर्यत आणि ऑस्ट्रेलियातील स्टॉवेल गावी १८७८ पासून ईस्टरच्या सुटीत होणारी शर्यत, या दोन्ही बुकींच्या साक्षीनेच वाढल्या. ब्रिटनमध्ये १ मे १९६१ पासून पैजेची दुकाने कायदेशीर झाली आणि २००० सालाच्या आसपास हा व्यवहार इंटरनेटवर स्थिरावला. आज तेथील परवानाधारक पेढ्या ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद, डायमंड लीग आणि मोठ्या शहरांतील मॅरेथॉन शर्यतींवर पैजा घेतात. यांपैकी कोणती पेढी चांगली, हे सांगणाऱ्या 'सर्वोत्तम दहा' छापाच्या याद्यांचीही रेलचेल असते. या याद्यांमध्ये स्वागत-बोनसचा आकडा ठळक असतो. पैज लावणाऱ्याचे नुकसान किती होणार हे ज्या गोष्टींवर ठरते, त्या मात्र सहसा बारीक अक्षरांत असतात.

भावामागचे गणित

पहिली गोष्ट म्हणजे भाव. एखाद्या धावपटूचा भाव १.८० असेल, तर १०० पौंडांची पैज जिंकल्यास मुद्दलासह १८० पौंड हाती येतात. ब्रिटनमधील जुन्या पद्धतीत हाच भाव 'चारास पाच' असा, म्हणजे पाच लावले तर चारचा नफा, अशा अपूर्णांकात सांगितला जातो. १०० ला भावाने भागले की त्या धावपटूच्या विजयाची शक्यता बुकीने किती टक्के धरली आहे, ते कळते. १.८० या भावाचा अर्थ सुमारे ५५.६ टक्के.

आता चार स्पर्धकांची एक काल्पनिक शर्यत घ्या. पहिल्या पेढीचे भाव १.६०, ४.००, ५.०० आणि ८.०० असे आहेत. त्यांच्या टक्केवाऱ्या अनुक्रमे ६२.५, २५, २० आणि १२.५ होतात आणि बेरीज भरते १२०. प्रत्यक्षात चौघांच्या शक्यतांची बेरीज १०० च असू शकते. वरचे २० हा पेढीचा वाटा होय. दुसऱ्या पेढीचे भाव १.८०, ५.००, ६.२५ आणि ८.०० आहेत. तेथे बेरीज सुमारे १०४ येते. चारही स्पर्धकांवर या प्रमाणात पैसे लावले, तर पहिल्या पेढीत १२० पौंड घालून १०० परत मिळतात आणि दुसरीत १०४ घालून १००. याचाच अर्थ, वर्षभरात एकूण १० हजार पौंडांच्या पैजा लावणाऱ्याचे सरासरीने पहिल्या पेढीत सुमारे १,६७० पौंड जातात, तर दुसरीत सुमारे ३८५. कोणत्याही स्वागत-बोनसपेक्षा हा फरक मोठा आहे. तरीही बेरीज दोन्हीकडे १०० च्या वरच आहे, हे विसरता येत नाही. तुलना करून तोटा कमी करता येतो, नाहीसा करता येत नाही.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सशी परिचित असलेल्यांना 'विन' आणि 'प्लेस' हे शब्द नवे नाहीत. ब्रिटिश पेढ्या या दोन पैजा एकत्र देतात. त्यात निम्मी रक्कम विजयावर आणि निम्मी पहिल्या तिनांत येण्यावर लागते. प्लेसचा नफा मूळ नफ्याच्या एक चतुर्थांश द्यायचा की एक पंचमांश, हे पेढीगणिक बदलते. ९.०० भावाच्या धावपटूवर दहा-दहा पौंड लावले आणि तो तिसरा आला, तर एका पेढीत ३० पौंड हाती येतील, दुसरीत २६. भाव दोन्हीकडे सारखाच छापलेला असेल.

निकाल कोणता मानायचा?

दुसरी गोष्ट नियमांची. मैदानी खेळांत ती भावाइतकीच महत्त्वाची ठरते, कारण या खेळांत निकालाचे अनेक पेच संभवतात.

टोकियो ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२१ रोजी उंच उडीत कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जानमार्को ताम्बेरी या दोघांनी २.३७ मीटरवर बरोबरी साधून सुवर्णपदक वाटून घेतले. जगाने त्या खिलाडूवृत्तीचे कौतुक केले. पैजेच्या हिशेबात मात्र अशा बरोबरीला वेगळा नियम लागतो. बहुतेक पेढ्या अशा वेळी लावलेली रक्कम दोनाने भागतात. एक अर्धा भाग पूर्ण भावाने जिंकतो, दुसरा बुडतो. समजा, एखाद्याने १.८० भावाने १०० पौंड लावले असते, तर त्याला ५० च्या हिशेबाने ९० पौंड मिळाले असते. त्याचा खेळाडू ऑलिंपिक विजेता झाला आणि त्याचे दहा पौंड गेले! पॅरिसमध्ये ४ ऑगस्ट २०२४ रोजी शंभर मीटरच्या अंतिम फेरीत नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन या दोघांचीही वेळ ९.७९ सेकंद नोंदली गेली. सहस्रांश सेकंदापर्यंत मोजल्यावर ९.७८४ आणि ९.७८९ असा फरक निघाला, म्हणून एकच विजेता ठरला.

दुसरा पेच चुकीच्या सुरुवातीचा. २०१० पासून पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला धावपटू बाद होतो. २०११ साली दक्षिण कोरियातील देगू येथे जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत उसेन बोल्ट असाच बाद झाला आणि योहान ब्लेकने ९.९२ सेकंदांत शर्यत जिंकली. अशा धावपटूने 'भाग घेतला' असेच सर्वसाधारणपणे मानले जाते आणि त्याच्यावरील रक्कम बुडते. धावपटू दुखापतीमुळे शर्यतीला उतरलाच नाही, तर काय, याचे उत्तर मात्र पैज केव्हा लावली आणि पेढीचा नियम कोणता यावर अवलंबून असते. बरेच आधी लावलेल्या पैजांत अनेक ठिकाणी रक्कम परत मिळत नाही. 'उतरला नाही तर पैज रद्द' अशी हमी काही पेढ्या ठरावीक शर्यतींपुरती देतात. मॅरेथॉनमध्ये, जेथे ऐन वेळी माघार घेणे नित्याचे आहे, हा एक नियम भावातील लहानसहान फरकापेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

तिसरा पेच उत्तेजकांचा. लंडन ऑलिंपिकमधील (२०१२) महिलांची १५०० मीटर शर्यत तुर्कस्तानच्या अस्ली चाकिर आल्पतेकिनने जिंकली. तिचे पदक २०१५ साली काढून घेण्यात आले. दुसरी आलेली गमझे बुलुत हिचेही पदक २०१७ मध्ये गेले आणि सुवर्णाचा मान अखेर बहारीनच्या मरियम युसूफ जमालकडे आला. इतिहासाची नोंद बदलली, पण पैजेचा हिशेब नव्हे. बहुतेक पेढ्या पदक प्रदान करतेवेळचा निकाल अंतिम मानतात. पुढच्या वर्षांत न्याय झाला, तरी प्रामाणिक धावपटूवर पैज लावणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

लहान बाजार, मोठा वाटा

फुटबॉलच्या किंवा घोड्यांच्या शर्यतींच्या मानाने मैदानी खेळांवरील पैजांची उलाढाल अल्प असते. मोठ्या स्पर्धा थोड्या आणि माहिती विखुरलेली. धावपटूच्या पोटरीचा स्नायू दुखावला आहे हे त्याचा प्रशिक्षक आणि सहकारी जाणतात. बुकी जाणत नाही. म्हणूनच जागतिक संघटनेच्या नियमांनुसार खेळाडू आणि त्यांच्या सहायकांना आपल्या खेळावर पैज लावण्यास मनाई आहे आणि २०१७ पासून स्वतंत्र सचोटी पथक अशा गोष्टींवर लक्ष ठेवते. बुकीही स्वतःचे संरक्षण करतो. तो आपला वाटा वाढवतो, पैजेची कमाल मर्यादा लहान ठेवतो आणि सातत्याने जिंकणाऱ्या ग्राहकाची मर्यादा आणखी खाली आणतो. हरणाऱ्याला ही अडचण क्वचितच येते.

जाणकारांचे अंदाजही या खेळात सहज कोसळतात. टोकियोत भालाफेकीचा प्रबळ दावेदार होता जर्मनीचा योहानेस फेटर. आदल्या वर्षी त्याने ९७.७६ मीटर भाला फेकला होता. अंतिम फेरीत तो ८२.५२ मीटरवर अडकून नववा आला आणि ८७.५८ मीटरच्या फेकीवर सुवर्णपदक मिळाले ते भारताच्या नीरज चोप्राला.

यादी कोण करतो?

मग 'सर्वोत्तम पेढी' सांगणाऱ्या याद्यांचे काय? त्या करणाऱ्या संकेतस्थळांपैकी अनेकांना पैसे पेढ्यांकडूनच मिळतात. पाठवलेल्या प्रत्येक नव्या ग्राहकामागे ठरावीक रक्कम किंवा त्या ग्राहकाकडून पेढीला होणाऱ्या कमाईत टक्केवारी, अशी ही पद्धत आहे. पेढीची कमाई म्हणजे ग्राहकाचा तोटा. तेव्हा ग्राहक जितका हरेल, तितका सल्लागाराचा लाभ. बोनसचेही तसेच. दहा पौंडांची 'मोफत पैज' १.८० भावाने जिंकली, तर हाती आठच पौंड येतात, कारण तिचे मुद्दल परत मिळत नाही.

ब्रिटनमध्ये या व्यवहाराला निदान काही कुंपण आहे. २००५ च्या कायद्याने तेथे जुगार आयोग आला, १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर पैज लावण्यास बंदी झाली आणि परवानाधारक पेढीविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. भारतात चित्र निराळे आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, मनाई केली. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. तरीही परदेशी संकेतस्थळांच्या याद्या मोबाइलच्या पडद्यावर पोहोचतातच. अशा ठिकाणी अडकलेले पैसे मागायला मुंबई-पुण्याच्या वाचकाने कोणाचे दार ठोठवायचे, हा रकाना कोणत्याही तुलनेत आढळत नाही.

पेढ्यांची खरी तुलना करायची तर तीन प्रश्न पुरेसे आहेत: भावांची बेरीज किती, निकालाचे नियम काय आणि वाद झाल्यास दाद कोठे मागायची? पहिल्याचे उत्तर नेहमीच १०० हून अधिक येते. ते येताच, ब्रिटनमधील ग्राहकाने कोणती पेढी निवडली याला दुय्यम महत्त्व उरते. येथील वाचकाच्या बाबतीत तर तिसऱ्या प्रश्नापाशीच तुलना संपते.