गोठ्यातील ऊ आणि चरवीतील विष

गोठ्यातील उवा हा काय अग्रलेखाचा विषय, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरचा मिठामिरचीपासून मुलांच्या वह्यांपर्यंतचा खर्च एका म्हशीच्या कासेवर चालतो, त्या घरी हा प्रश्न कोणी विचारणार नाही. थंडीत जनावराची लव दाट होते आणि उवा माजतात. खांबाला अंग घासून जनावर बेजार होते, केस झडतात, वासरे रोडावतात, दूध आटते. उपाय हवा यात वाद नाही. वाद आहे तो उपायाच्या रीतीविषयी.

एके काळी गॅमेक्सिनची पूड हा आपला हातखंडा इलाज होता. स्वस्त आणि गुणकारी! पण हे विष चरबीत साठते व दुधावाटे बाहेर पडते, हे पुढे उमगले. १९९७ साली देशात बीएचसीवर बंदी आली. आज डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधे पाण्यात मिसळून फवारतात. ती तुलनेने सौम्य असली तरी निर्धोक नव्हेत. मासळीला तर ती अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. फवारणीची भांडी व्हाळात धुणे म्हणजे शेजाऱ्याच्या जाळ्यावर घाव घालणे होय.

आमच्या मते खरी उणीव औषधाची नसून ज्ञानाची आहे. गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालते. ऊ मात्र सारे आयुष्य जनावराच्या अंगावरच काढते. तेव्हा उवांसाठी गोठ्याच्या भिंती विषाने माखणे व्यर्थ. शिवाय औषधाने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. त्या आठ-पंधरा दिवसांत फुटतात. म्हणून गोठ्यातील सर्व जनावरांना एकाच दिवशी औषध लावून सुमारे १४ दिवसांनी दुसरी फवारणी करणे, हाच शास्त्रशुद्ध मार्ग. पहिल्याच खेपेस मात्रा दुप्पट केल्याने दुसरी टळत नाही. केवळ जनावराच्या व फवारणाऱ्याच्या जिवाचा धोका वाढतो.

पशुसंवर्धन खात्याने आणि दूध संस्थांनी प्रत्येक संकलन केंद्रावर औषधाची मात्रा, दुसऱ्या फवारणीचा दिवस आणि दूध किती काळ वेगळे ठेवावे, एवढे तरी सोप्या भाषेत फळ्यावर लिहावे. यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद लागत नाही, आस्था लागते. आणि उवांचे माजणे हे पुष्कळदा उपासमारीचे लक्षण असते, हे गोपालकांनीही विसरू नये.

पाडव्याला गुरांना ओवाळणारा आपला समाज आहे. वर्षातून एकदा आरती आणि उरलेले दिवस हेळसांड, ही गोपूजा नव्हे.