खिडकीतील पक्षिगणना आणि बालकांचे विज्ञानशिक्षण

बालकांनी घरी बसून करावयाच्या विज्ञानविषयक उपक्रमांची संकेतस्थळांवर आज वाण नाही. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा पालकांचे व शिक्षकांचे लक्ष त्यांकडे विशेषत्वाने वळले. मात्र त्यांपैकी पुष्कळसे उपक्रम बालकाला अगोदरच ठरलेल्या उत्तराकडे नेतात. दाखविल्याप्रमाणे कृती केली की दाखविलेला परिणाम दिसतो. त्यात कुतूहल असते, हस्तकौशल्यही असते. पण उत्तर कोणालाच ठाऊक नसणे, हे जे संशोधनाचे मुख्य लक्षण, ते त्यात नसते. या दृष्टीने खिडकीतून अथवा गच्चीवरून करावयाची पक्षिगणना निराळी ठरते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी १९९८ मध्ये ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ हा उपक्रम सुरू केला. २०१३ पासून तो जगभर खुला झाला व त्याच वर्षी भारतातही त्यास आरंभ झाला. फेब्रुवारीतील चार दिवसांत निरीक्षकाने किमान १५ मिनिटे पक्षी पाहावेत, जातवार मोजावेत आणि स्थळ, वेळ व कालावधी यांसह सूची पाठवावी, एवढीच त्याची रीत. या सूच्या २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘ई-बर्ड’ या संग्रहात जमा होतात. निरीक्षक प्राध्यापक असो वा शाळकरी मूल, नियम एकच.

सूची पाठविताना निरीक्षकास एक प्रश्न विचारला जातो: ओळखता आलेल्या सर्व जाती या सूचीत आल्या आहेत काय? प्रश्न साधा दिसतो, परंतु उपक्रमाचे शास्त्रीय मूल्य त्यावरच अवलंबून आहे. सूची पूर्ण असेल, तर तीत नसलेल्या जातीविषयीही काही सांगता येते. ती जाती त्या वेळी, त्या जागी निरीक्षकास आढळली नाही, असा तिचा अर्थ होतो. सूची निवडक असेल, तर मौनाचा कोणताच अर्थ लावता येत नाही. समजा, एखाद्या शहरातील १०० पूर्ण सूच्यांपैकी ४० सूच्यांत चिमणी आहे. तिची नोंदवारंवारता ४० टक्के झाली. पुढील वर्षी निरीक्षकांपैकी काहींनी ‘चिमणी काय लिहावयाची’ म्हणून ती गाळली आणि तरीही सूची पूर्ण असल्याचे कळविले, तर चिमण्या तितक्याच असूनही कागदावर घटलेल्या दिसतील.

बालकाची कसोटी येथेच लागते. दुर्मीळ पक्षी दिसावा, ही त्याची स्वाभाविक ओढ. काऊचिऊच्या गोष्टीतून ज्यांची ओळख सर्वांत आधी झाली, तेच पक्षी त्याला नोंदीस अपात्र वाटतात. पूर्ण सूचीचा नियम त्याला या आवडीनिवडीपासून दूर नेतो. कावळा, पारवा, साळुंकी यांची संख्या लिहिताना निरीक्षण आणि पसंती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याला व्याख्येविना कळते.

हा आग्रह केवळ शिस्तीसाठी नाही. ई-बर्डवरील नोंदींच्या आधारे २०२० मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. चिमणी देशातून नाहीशी होत चालली आहे, असा सार्वत्रिक समज होता. अहवालात मात्र गेल्या २५ वर्षांत तिची संख्या एकंदरीत स्थिर, पण मोठ्या शहरांत घटती असल्याचे आढळले. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला. त्यासाठी ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी उपयोगात आल्या. सामान्य पक्षी कोणी नोंदविलेच नसते, तर सामान्य पक्ष्यांविषयीचा समज तपासण्यास साधनच उरले नसते.

एक अडचण नजरेआड करता येत नाही. कॉर्नेलच्याच ‘मर्लिन’ या मोबाइलवरील ॲपमध्ये २०२१ पासून आवाजावरून पक्ष्याचे नाव सुचविण्याची सोय झाली. तिचा उपयोग निःसंशय आहे. परंतु यंत्राने सुचविलेले नाव पक्षी न पाहता सूचीत उतरविले, तर निरीक्षण यंत्राचे होते आणि बालक केवळ लेखनिक उरते. असंभाव्य वाटणाऱ्या नोंदी जाणकार परीक्षक तपासतात खरे, पण यंत्राची चूक संभाव्य पक्ष्याच्या नावाने आली, तर ती सहजी पकडली जात नाही. म्हणून आकार, चोच, शेपटी, हालचाल यांचे टिपण आधी व यंत्राचा सल्ला नंतर, हा क्रम शिक्षकाने पाळून घ्यावा. उमगले नाही ते उमगले नाही, असे लिहिण्यात उणेपणा नाही. मोबाइल हाताशी नसल्यास वहीतील सूची शिक्षकास मागाहून पाठविता येते.

घरगुती विज्ञानोपक्रमाची पारख यावरून करता येईल. पडदा बालकाची दृष्टी स्वतःकडे खिळवून ठेवतो की खिडकीबाहेर वळवितो, आणि बालकाने खरेपणाने लिहिलेल्या नोंदीची पुढे कोणास गरज आहे की नाही, हे दोन प्रश्न त्यास पुरेसे आहेत. पक्षिगणनेच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. पहिल्याचे उत्तर मात्र प्रत्येक घरात, त्या पंधरा मिनिटांत ठरते.